एकाच खेळाला रडलेले आणि कंटाळलेले

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो मला कळला तसा मांडते, म्हणजे पुढचं बोलणं भरकटणार नाही.

तुमचा हा पहिलाच चित्रपट, एक तास बावन्न मिनिटांचा. वाईजवळच्या एका गावातलं घर, वडिलांचं तेरावं, दोन भाऊ आणि पंचावन्न वर्षांची बहीण. शेवटी बहीण हक्कसोडपत्रावर सही करते आणि वहिनीनं दिलेली लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन एसटीनं परत जाते. आतापर्यंत तीन खेळ झाले: पुण्यातल्या साठ खुर्च्यांच्या प्रिव्ह्यू थिएटरमध्ये, गावच्या मंगल कार्यालयात आणि घरी नातेवाइकांसमोर. काही जण ‘ही आमच्याच घरची गोष्ट’ म्हणत रडले. काहींनी ‘यात काहीच घडत नाही’ म्हणून घड्याळ पाहिलं. पुण्यात एक तिशीतली मुलगी तावातावानं म्हणाली, “बाईला अजून किती सोसायला लावणार?” घरच्या खेळाला तुमची मावशी मधूनच उठून स्वयंपाकघरात गेली, ती परत आली नाही. निर्माते म्हणतात पंधरा मिनिटं कापा आणि संगीत वाढवा. प्रदर्शनाला सात आठवडे आहेत. आणि तुम्ही विचारताय, यातल्या कोणाचं ऐकू?

एकवीस वर्षं मी संकलन करते आहे आणि त्यातलं बरंचसं काम घरातल्या माणसांच्या, कमी पैशांत केलेल्या चित्रपटांचं आहे. असा चित्रपट पहिल्यांदा लोकांसमोर गेला की दिग्दर्शक हाच प्रश्न घेऊन येतो. मला तो प्रश्न जरा बाजूला ठेवावासा वाटतो. तुमच्याकडे मतं भरपूर जमली आहेत, पण ती कुठे बसून दिली गेली हे तुम्हाला ठाऊक नाही. कुठे म्हणजे थिएटरातली खुर्ची तर आहेच, शिवाय त्या माणसाची त्याच्या स्वतःच्या घरातली जागाही आहे. घरगुती चित्रपटाच्या बाबतीत ही दुसरी जागा फार मोठी असते. तिच्याकडे येतेच, पण आधी थिएटरातल्या खुर्चीचं बोलू, कारण ती गोष्ट तपासायला सोपी आहे आणि तीच कोणी तपासत नाही.

चित्रपट मी पाहिलेला नाही, तेव्हा पुढचं सगळं ‘असं असेल तर’ या भाषेत घ्या.

तिन्ही खेळांत आवाज कसा होता? चित्रपटगृहात आवाजाची एक पातळी ठरवायची सोय असते, तिला फेडर म्हणतात. मिक्सिंग स्टुडिओत आपण फेडर ७ वर धरून काम करतो. प्रत्यक्ष थिएटरात मात्र मोठ्या आवाजाच्या मारधाडीच्या चित्रपटांबद्दल लोक तक्रार करतात, म्हणून ऑपरेटर तो ५ वर, कधी साडेचारवर आणून ठेवतो आणि पुढचा चित्रपट लागला तरी तिथेच राहू देतो. ७ वरून ५ वर म्हणजे साडेसहा डेसिबलहून थोडी जास्तच घट. बाँब फुटण्याच्या आवाजाला यानं काही होत नाही. पण माजघरात दबक्या आवाजात बोललेलं “ताई, तू बघ बाई, मी काय सांगणार” हे वाक्य पाचव्या रांगेच्या मागे पोचतच नाही. आणि ज्याला ते वाक्य ऐकू आलं नाही तो बाहेर येऊन ‘ऐकू आलं नाही’ असं सांगत नाही. तो म्हणतो, ‘संथ आहे’. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की ‘संथ’ हा शब्द आला की आधी आवाजाचीच चौकशी करते.

मंगल कार्यालयाचं तर विचारूच नका. चारी बाजूंनी फरशी आणि पत्रा, सगळं घुमतं. व्यंजनं एकमेकांत मिसळतात, उरतो नुसता सूर. तरी गावातल्या खेळाला लोक शेवटपर्यंत बसले असं तुम्ही लिहिलं आहे, ही खरं तर मोठी पावती आहे. ते मधेमधे बोलत होते याचं तुम्हाला वाईट वाटलं. मला ते वाईट लक्षण वाटत नाही. “हा अगदी आपल्या आण्णासारखा” असं शेजारच्याला सांगणारा माणूस चित्रपट पाहतच असतो. ऐकू न आलेलं वाक्य तो शेजाऱ्याला विचारतो आणि दोघं मिळून गोष्ट पुरी करतात. पुण्याच्या काळोख्या हॉलमध्ये तशी सोय नाही. तिथे वाक्य हुकलं की हुकलं.

उजेडाचंही तेच. पडद्यावरच्या उजेडाचं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट ठरलेलं आहे, पण प्रोजेक्टरचा दिवा म्हातारा झाला की ते बरंच खाली येतं. जुन्या घरात, एका खिडकीच्या उजेडात चित्रण केलं असेल तर चेहऱ्याची अर्धी बाजू काळोखात बुडते. कौटुंबिक चित्रपटात ‘घडणं’ बहुतेक वेळा चेहऱ्यावरच होत असतं. चेहराच दिसला नाही तर काय घडलं ते कळणार कसं? तेव्हा पुढच्या खेळाआधी अर्धा तास जा, ऑपरेटरला भेटा, तुमचं सगळ्यात हळू बोललेलं वाक्य शेवटच्या रांगेत बसून ऐका आणि सगळ्यात काळोखा प्रसंग डोळ्यांनी पाहा. हे केल्याशिवाय एक मिनिटही कापू नका.

आता घरातल्या जागेचं.

माझ्या कामातला एक अनुभव सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका चित्रपटाचं संकलन मी करत होते. विषय असा, की म्हातारी आई दोन मुलांकडे पाळीपाळीनं राहते, तीन-तीन महिने. रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, आम्ही पंधरा-वीस माणसांना दाखवला. पुरुष हेलावले. म्हाताऱ्या बायका रडल्या. आणि चाळिशी-पंचेचाळिशीच्या चार बायका होत्या, त्या चौघीही गप्प. विचारलं तर म्हणाल्या, “चांगला आहे.” एवढंच. त्या ‘चांगला आहे’मध्ये इतका गारठा होता की मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी टाइमलाइन, म्हणजे संगणकावर सगळे शॉट ओळीनं मांडलेली पट्टी, उघडली आणि एकच गोष्ट मोजली. आई पिशवी घेऊन थोरल्याच्या दारात येते तो प्रसंग. त्यात आईचा चेहरा तीनदा होता, मुलाचा चारदा, नातवाचा एकदा. सुनेचे हात होते, ओट्यावर कणीक मळणारे. पाठ होती. चेहरा एकदाही नव्हता.

आम्ही कोणी मुद्दाम तसं केलं नव्हतं. दिग्दर्शक मुलाच्या जागेवरून लिहीत होता आणि मी आईच्या जागेवरून कापत होते. सून आमच्या दोघांच्याही मनात ‘घरातलं वातावरण’ होती. न वापरलेल्या टेकमध्ये मला चार सेकंद सापडली. ती वळून पिशवीकडे पाहते, मग नवऱ्याकडे, आणि पुन्हा कणकेकडे. त्यात राग नव्हता, प्रेमही नव्हतं. पुढचे तीन महिने कसे काढायचे याचा हिशेब होता. ती चार सेकंद घातली, एक संवादही न बदलता. पुढच्या खेळाला त्याच वयाच्या बायका आल्या होत्या आणि खेळ संपल्यावर त्या वीस मिनिटं बोलत होत्या. सगळ्यांना चित्रपट आवडला असं नाही. एकीनं तर चांगलंच सुनावलं. पण त्या आता चित्रपटाशी भांडत होत्या. आधी चित्रपटानं त्यांना दाराबाहेर ठेवलं होतं.

तेव्हापासून मला असं दिसत आलं आहे की कौटुंबिक चित्रपट पाहताना माणूस प्रेक्षक म्हणून फार थोडा वेळ बसतो. दहाव्या मिनिटाला तो थोरला भाऊ, धाकटी जाऊ, न विचारली गेलेली मुलगी असा काहीतरी होतो आणि मग त्या पात्राला न्याय मिळतोय का हे पाहायला लागतो. मतं फुटतात ती म्हणूनच. अभिरुचीचा भाग त्यात असतो, पण आपण समजतो त्याहून खूप कमी. ‘किल्ला’ २०१५ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा माझ्या ओळखीतल्या मुलांना त्यात कोकणातल्या मित्रांची गोष्ट दिसली. बदलीची नोकरी केलेल्या माझ्या एका मैत्रिणीला मात्र अमृता सुभाषनं केलेल्या आईशिवाय दुसरं काही दिसलंच नाही. दोघांनी एकच चित्रपट पाहिला होता आणि दोघांनाही तो पुरला, कारण त्यात दोघांनाही बसायला जागा होती.

ही जागा वयाप्रमाणे बदलते, हे मला जपानी दिग्दर्शक ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’नं शिकवलं. चित्रपट १९५३ चा. म्हातारे आईवडील मुलांना भेटायला टोकियोला येतात आणि कामात गुंतलेल्या मुलांना त्यांच्यासाठी वेळ नसतो, एवढीच गोष्ट. शिकत असताना पाहिला तेव्हा थोरल्या मुलीचा मला संताप आला होता. ब्युटी पार्लर चालवणारी, आईचे अंत्यविधी होऊन जरा वेळ जातो न जातो तोच आईची वस्त्रं आठवण म्हणून मागणारी शिगे. माझ्या वडिलांच्या आजारपणानंतर तोच चित्रपट पुन्हा पाहिला. एका हातानं धंदा आणि दुसऱ्या हातानं घर सांभाळणाऱ्या त्या बाईचं दमलेपण पहिल्यांदा दिसलं. ते आधीपासून तिथेच होतं. ओझूनं तिला बाजूला टाकलं नव्हतं, मीच तिच्या जागी पोचले नव्हते. तुमच्या चित्रपटाला आज ‘कळला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काही जण असे असतील. त्यांच्यासाठी काही बदलायचं नसतं. ज्यांच्या जागेवर तुम्ही कॅमेरा नेलाच नाही, त्यांच्यासाठी मात्र पाहावं लागतं.

मग तुमच्या बाबतीत कोण बाहेर राहिलं असेल? तुम्ही पाठवलेल्या हकिकतीवरून माझा अंदाज हक्कसोडाच्या प्रसंगाकडे जातो. कारण सगळी टोकाची मतं त्याच्याच आसपास आहेत.

त्या सहीकडे तीन वयांची माणसं कशी पाहतात ते बघा. तुमची नायिका पंचावन्नची, म्हणजे लग्न १९९० च्या सुमारास. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला, पण ज्यांची लग्नं त्याआधी झाली होती त्यांना तो लागू नव्हता. म्हणजे तिच्याहून पाच वर्षांनी धाकटी चुलत बहीण हक्कदार आणि ही नाही, असं एकाच घरात झालं. मग २००५ मध्ये केंद्राची दुरुस्ती आली आणि हिलाही हक्क मिळाला. २००५ मध्ये वडील हयात असायला हवे होते का, हा वाद पुढे चालूच राहिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा हक्क जन्मानंच मिळतो असं सांगून तो मिटवला. म्हणजे तुमच्या नायिकेनं सही करण्याआधी तीस वर्षं कायदा तिच्या भोवती फिरत होता. जे मिळवायला इतकी वर्षं लागली ते ती दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, अंगठ्याचा ठसा आणि फोटो देऊन दहा मिनिटांत सोडते.

हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी तुमच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत सगळं काही घडतं. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी एक बाई सरकारी कागदावर सही करते आणि एसटीत बसते. ‘काहीच घडत नाही’ म्हणणारा विशीतला मुलगा खोटं बोलत नाही. ज्याच्या घरात ‘बहिणीची सही घ्यायची राहिलीय’ हे वाक्य विजेचं बिल भरायचं राहिल्याच्या सुरात बोललं जातं, त्याला ती रीतच वाटते. आणि पुण्याची रागावलेली मुलगी? तिला कायदा माहीत आहे, कदाचित आईनं केलेली सहीही माहीत आहे. तिची तक्रार संथपणाची नाही. चित्रपट या सहीला त्याग म्हणून ओवाळतोय, असं तिला वाटलं. तसं तुम्हाला म्हणायचं नसेल, तर पडद्यावरचं काय तिला तसं सांगत होतं हे शोधायला हवं.

म्हणून तीन गोष्टी तपासा. पहिली, सहीआधी कुठेतरी, जमलं तर पहिल्या अर्ध्या तासात, तिचा हक्क किती आणि कशाचा हे साध्या बोलण्यात येतं का? भाषण नको. धाकट्या भावाचा मुलगा सातबारा मोबाइलवर काढतो आणि आत्याचं नाव वाचून “हिचं पण आहे?” एवढं विचारतो, इतकं पुरतं. नवं चित्रण शक्य नसेल तर पाठमोऱ्या किंवा दूरच्या शॉटवर डबिंगमध्ये एखादं वाक्य बसवता येतं, मी तसं केलेलं आहे. दुसरी, ती सही करण्याचं कधी ठरवते? प्रेक्षकाला तो क्षण सापडला पाहिजे. कारण कळलं नाही तरी चालेल, क्षण कळला पाहिजे. ती आधीपासूनच सही करणार होती असं वाटलं की सगळा मधला भाग वाट पाहण्याचा होतो, आणि वाट पाहायला लावलं की माणूस घड्याळ बघतो. तिसरी, तिनं सही केली तेव्हा तुम्ही कोणाचे चेहरे दाखवले? भावांचे ओलावलेले डोळे दाखवले असतील तर प्रसंग भावांचा झाला आणि ती उपकार करणारी झाली. रागावलेल्या मुलीला तेच टोचलं असेल. तिथे वहिनीचा चेहरा आहे का? लोणच्याची बरणी देणारी ती. तिनंही तिच्या माहेरी अशी सही केलेली असेल की नाही? मला तर त्या बरणीत तुमचा सगळा चित्रपट दिसतोय आणि तुम्ही तिच्याबद्दल प्रश्नात अर्धं वाक्य लिहिलं आहे.

निर्मात्यांच्या पंधरा मिनिटांबद्दल. त्यांना कंटाळा जाणवला ते खरं आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण लांबी मिनिटांत नसते. कशाची वाट पाहायची हे कळलं असेल तर माणूस रिकाम्या अंगणाचा शॉटही पाहतो, आणि कळलं नसेल तर त्याला दोन मिनिटंही जड जातात. घाईघाईनं कापताना आधी काय जातं? चहाचे कप, पायऱ्यांवरचं बसणं, मधले निःश्वास. मग उरतात नुसते संवादाचे प्रसंग, एकाला एक चिकटलेले, आणि चित्रपट छोटा होऊनही लांब वाटायला लागतो. मी उलट क्रमानं जाते. आधी प्रश्न लवकर आणि स्पष्ट उभा करते, मग पुन्हा पाहते, आणि तेव्हाही जिथे माणसं हलतात तिथे कापते. बहुतेक वेळा चार-सहा मिनिटं जातात. ती कुठली, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

संगीताबाबत माझं मत जरा कडक आहे. घरगुती चित्रपटात भांडणाखाली किंवा सहीखाली सारंगी वाजली की सगळ्या प्रेक्षकांना एकाच पाटावर बसवलं जातं. तिथे न बसणारा मग दुप्पट दूर जातो. तुमच्याकडे आत्ता वेगवेगळ्या जागी बसलेली माणसं आहेत, ती तुमची कमाई आहे. संगीत वाढवायचंच असेल तर जिथे जागा बदलते, वेळ जातो, प्रवास होतो तिथे वाढवा.

ट्रेलरचाही एकदा विचार करा. त्यात भावांचं भांडण आणि “या घराचे तुकडे होऊ देणार नाही” हे वाक्य आहे असं तुम्ही लिहिता. ते पाहून येणारा माणूस वाटणीचं महायुद्ध पाहायला येणार. त्याला बरणी दिली तर तो फसवलं गेल्यासारखा वागणारच, आणि तिकिटाच्या ॲपवर दहापैकी तीन देऊन जाईल. नऊ आणि तीनची सरासरी सहा येते, आणि सहा देणारा माणूस तुमच्या थिएटरात एकही नव्हता. म्हणून सरासरी बघत बसू नका. तीन देणारे कशाच्या अपेक्षेनं आले होते ते बघा, आणि ट्रेलर बदला. चित्रपट बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे.

इथवरचं थोडक्यात: आधी आवाज आणि उजेड, मग सहीचा प्रसंग कोणाच्या चेहऱ्यावर कापलाय ते, मग हक्काची गोष्ट लवकर कळते का, आणि कापाकापी सगळ्यात शेवटी.

आता पुढचा खेळ कसा करायचा. सात आठवडे पुरेसे आहेत, पण ऐसपैस नाहीत. सेन्सॉरचं प्रमाणपत्र हातात आलं असेल तर त्यानंतरचे बदल मंडळाला कळवून नोंदवून घ्यावे लागतात. नवा डीसीपीही, म्हणजे थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत, करावा लागेल. तेव्हा दोन आठवड्यांत एक खेळ उरका. बारा-पंधरा माणसं पुरेत. चित्रपटाच्या धंद्यातलं कोणी नको, तुमचे मित्र नकोत. निवडताना वय आणि शिक्षण पाहू नका, घरातली जागा पाहा: दोन-तीन थोरले भाऊ, दोन-तीन माहेरी सही केलेल्या, दोन न केलेल्या, एक-दोन वहिन्या, विशीतली दोन मुलं. नवरा-बायकोला किंवा सासू-सुनेला एकाच खेळाला बोलावू नका. सासूशेजारी बसलेली सून कुठे रडायचं याचा विचार करून रडते.

तुम्ही पुढच्या कोपऱ्यात, माणसांकडे तोंड करून बसा. पडद्याकडे पाहू नका, चित्रपट तुम्हाला पाठ आहे. कोण कुठे हललं, पाण्याची बाटली कधी उघडली, फोनचा उजेड कधी दिसला हे मिनिटासकट टिपून घ्या. तोंडी मतापेक्षा ही टिपणं मला अनेकदा जास्त उपयोगी पडली आहेत. कारण माणसं दिग्दर्शकासमोर भिडेनं गोड बोलतात, पण अंगाला भीड नसते. एक सावधगिरी बाळगा. निश्चल बसणं दोन प्रकारचं असतं, गुंतलेलं आणि सुटलेलं. गुंतलेला माणूस प्रसंग संपला की श्वास सोडतो. सुटलेला सोडत नाही.

नंतर ‘आवडला का’ विचारू नका. त्याचं उत्तर कितीही प्रामाणिक असलं तरी त्यावर टाइमलाइनमध्ये काही करता येत नाही. मी तीनच गोष्टी विचारते. “गोष्ट मला सांगा.” त्यांनी वगळलेलं तेच बघायचं असतं. “ही कोणाची गोष्ट होती?” पंधरा जणांत चार वेगळी नावं आली तरी घाबरू नका. एखादं नाव कधीच आलं नाही तर विचार करा. आणि शेवटी, “या घरातल्या कोणाशी तुम्हाला बोलावंसं वाटतं, आणि काय बोलाल?” या प्रश्नाला माणसं जे बोलतात ते मी इतर कुठेही ऐकलेलं नाही. एका निवृत्त कंडक्टरनं एकदा चित्रपटातल्या मुलाला उद्देशून जे वाक्य म्हटलं, ते ऐकून आम्ही शेवटचा प्रसंग तीन मिनिटं आधी संपवला. त्यांच्या वाक्यानंतर आमचे संवाद नको वाटले.

आणि तुमची मावशी. प्रश्नाच्या अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय की गोष्ट थोडीफार तिच्याच आयुष्यावरून सुचली. तेव्हा ती उठून गेली ही प्रेक्षकाची प्रतिक्रिया धरूच नका. तिला विचारलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारलं नसेल तर चार नातेवाइकांसमोर, दिवाणखान्यात, आपली सही पडद्यावर पाहणं तिला किती कठीण गेलं असेल. या आठवड्यात तिच्याकडे जा. लॅपटॉप नेऊ नका, मत विचारू नका. आधी न विचारता केलं याबद्दल बोला. तिला कोणता भाग जाहीर व्हायला नको असेल तर तो कितीही चांगला जमलेला असला तरी काढा, त्याला तोड मी शोधून देईन. मग ती आपणहून बोलली तर त्या दिवसाचं ऐका. कचेरीत कोण सोबत होतं, पेन कोणी पुढे केलं, परतीच्या गाडीत ती कोणाशी बोलली का. ऐकायचं ते तिच्यासाठी. त्यातून चित्रपटाला काही मिळालं तर तेही तिला विचारूनच घ्या.

ते झाल्यावर त्या कचेरीतल्या प्रसंगाचे बहिणीचे आणि वहिनीचे सगळे टेक एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. ‘कट’ म्हटल्यावर कॅमेरा चालू राहिला असेल ती सेकंदंसुद्धा. कलाकार पात्रातून बाहेर पडायच्या आधी एक क्षण तिथेच असतो आणि तेव्हा आपण अभिनय करतोय हे तो विसरलेला असतो. माझी ती चार सेकंद अशाच ठिकाणी सापडली होती.